मारोतीचं अर्धं तोंड

हसणार असाल तर आधी हातातला कप खाली ठेवा. मागं हाच किस्सा सांगत होतो, तर आमच्या साडूच्या नाकातून चहा बाहेर आला आणि बायकोनं बोल मला लावला!

माझ्या हातून चुका काही कमी झालेल्या नाहीत. ऐन वरमालेच्या वेळी बॅटरी संपलीय. एकदा तर नवरदेव समजून त्याच्या धाकट्या भावाचेच चाळीस फोटो काढलेत, आणि तो पठ्ठ्याही शेवटपर्यंत काही बोलला नाही. पण त्या सगळ्या अडाणीपणाच्या चुका. ही चूक मी शिकून केली. सुट्टी काढून, शिबिराला जाऊन, प्रमाणपत्र घेऊन केली!

हिंगोलीत माझा फोटो स्टुडिओ आहे. तिथी असल्या की लग्नं, नसल्या की पासपोर्ट फोटो आणि बारशी. लग्नात आमचं मुख्य काम काय, सांगू? लोकांना वाटतं नवरा-नवरी टिपणं. छे! मुख्य काम म्हणजे आहेर. कुणी पंखा आणतं, कुणी कुकर, कुणी भिंतीवरचं घड्याळ. फोटोत देणारा दिसला पाहिजे, घेणारे दिसले पाहिजेत आणि खोक्यावर चिकटवलेलं देणाऱ्याचं नाव वाचता आलं पाहिजे. नवरीचे डोळे मिटले तरी चालतात, खोक्यावरचं नाव हललं की दुसऱ्या दिवशी फोन येतो.

असे पंखे आणि कुकर टिपून टिपून मी कंटाळलो होतो. म्हणून संभाजीनगरला दोन दिवसांच्या शिबिराला गेलो. तिथले सर मोठे वल्ली होते. केस मागं बांधलेले, बोलणं हळू. ते म्हणाले, "उजेड काय, कुणीही पाडतो. सावली पाडतो तो कलाकार."

झालं! माझ्या डोक्यात ते वाक्य खिळा ठोकल्यासारखं बसलं. हिंगोलीत आल्या आल्या मी स्टुडिओची भिंत काळी रंगवली. खिडकीला काळा पडदा लावला. चार दिव्यांपैकी तीन खोक्यात भरून माळ्यावर टाकले. बायको डबा द्यायला आली आणि उंबऱ्यावरच थबकली.

"हे दुकान हाय का भुयार?" तिनं विचारलं.

"कला आहे," मी म्हणालो.

"असंल. डबा कुठं ठेवू ते दिसू द्या आधी."

आता अशा या भुयारात पहिलं गिऱ्हाईक कोण आलं? साखऱ्याच्या गयाबाई आणि त्यांचा मुलगा मारोती.

साखरा म्हणजे आमचं सेनगावाकडचं गाव. मारोतीची तिथं शेती, शिवाय गावात पिठाची गिरणी. पोरगा एकतिशीतला, कष्टाळू, सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही. पण लग्न जमत नव्हतं. हल्ली मुलीकडचे आधी विचारतात, नोकरी कुठं? शेती म्हटलं की पुढचं बोलणं चहावरच संपतं. चार स्थळं अशीच चहा पिऊन गेली होती. आता कळमनुरीचं एक स्थळ आलं होतं. मुलीचं नाव सविता, तिथं शिवणक्लास चालवायची. तिच्या घरच्यांनी शेतीला नाक मुरडलं नव्हतं. फक्त बायोडाटा आणि एक चांगला फोटो मागितला होता.

"बाबा दिलीप," गयाबाई मला म्हणाल्या, "हे स्थळ हातचं जाऊ द्यायचं न्हाई. पोरगं म्हणून राहिलंय, ह्यावेळी जर न्हाई जमलं तर मी पुन्हा कोणाला फोटो देणार न्हाई. आता तूच काय ते कर."

मारोती खुर्चीच्या टोकावर बसला होता. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन, डाव्या गालावर टपोरा तीळ. हळूच म्हणाला, "दिलीपभाऊ, साधाच काढा. हाय तसा."

हाय तसा! अहो, प्रमाणपत्राची शाई वाळली नव्हती माझ्या! मी त्याला काळ्या भिंतीपुढं बसवलं, एकच दिवा डावीकडून लावला, मान जरा तिरपी केली आणि सांगितलं, "हसू नको. दूरवर बघ. विचारात आहेस असं वाटलं पाहिजे."

"कशाच्या विचारात?"

"कशाच्याही."

"डिझेल इंजिनाचा पट्टा तुटलाय, त्याच्या बसू का?"

"बस!"

आणि काय फोटो आला! डावं अंग उजळलेलं, डोळ्यात ठिणगी, गालावरचा तीळ झळकतोय, आणि उजवं अंग पार अंधारात बुडालेलं. गयाबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब नेला, उलटून मागं पाहिलं.

"अर्धाच काढला का?"

"काकू, ही कला आहे."

"कला असू दे. पण राहिलेलं पोरगं कुठंय?"

मी नुसता हसलो. कलाकार हसतात ना, तसा. आणि फोटो बायोडाटाला लावून कळमनुरीला पाठवून दिला.

आता सविताच्या घरी कुणाचं चालतं, तर तिच्या मामांचं. रंगनाथमामा. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. या माणसाचं आयुष्य पासावरचा फोटो आणि समोरचा माणूस जुळवण्यात गेलेलं! एकाच्या पासावर दुसरा बसलेला त्यांनी मागच्या बाकावरून ओळखावा. अशा माणसाच्या हातात मी अर्धं तोंड दिलं होतं.

तिसऱ्या दिवशी मी नरसीला एका लग्नात होतो. स्टेजवर कुकर टिपत होतो आणि फोन वाजला. गयाबाई!

"दिलीप, सविताचे मामा विचारून राहिले, पोराच्या उजव्या डोळ्याला काय झालंय?"

"काही नाही झालं!"

"ते मला म्हाईत हाय. म्या जन्म दिलाय त्याला. पण ते म्हणून राहिले, डोळा बराबर असता तर झाकला काहून असता? दुसऱ्या बाजूचा फोटो धाडा म्हणतात, आजच्या आज."

आता कुणीही शहाणा माणूस काय करील? मारोतीला बोलावील, पडदा उघडील, साधा फोटो काढील. पण माझा गेला होता अहंकार दुखावून. माझ्या कलेला डोळ्याचं दुखणं म्हणतात? शिवाय पंगत बसली होती, मागं नवरीकडचे ओरडत होते, साखऱ्याला जाऊन यायला वेळ कुणाला? मी लॅपटॉप उघडला. दुसरी बाजूच पाहिजे ना? घ्या! तोच फोटो आडवा फिरवला. आरशात दिसतं तसा. आता उजेड उजवीकडं, अंधार डावीकडं. दोन मिनिटांचं काम. पाठवला आणि जेवायला बसलो. काय बुंदी होती हो त्या लग्नात!

बुंदी पचायच्या आत पुन्हा फोन. या वेळी गयाबाईंचा आवाज चढलेला.

"दिलीप! मामा म्हणून राहिले, हे पोरगं दुसरं हाय!"

"म्हणजे?"

"पयल्या फोटोत तीळ डाव्या गालावर, दुसऱ्यात उजव्या. पयल्यात शर्टाचा खिसा डावीकडं, दुसऱ्यात उजवीकडं. त्यांनी विचारलं, तुम्हाला जुळी पोरं हायत का? एक दाखवायचं अन् दुसरं गळ्यात घालायचं, असा बेत हाय का?"

माझ्या हातातला द्रोण तसाच राहिला. खिसा! तीळ तर तीळ, खिसासुद्धा फिरला होता, आणि त्या कंडक्टरनं तो पकडला होता.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तरी निभावलं असतं. पण मामा पडले चौकस. कळमनुरीच्या आठवडी बाजारात त्यांना साखऱ्याकडचा एक माणूस भेटला. मामांनी सहज विचारावं तसं विचारलं, "गयाबाईला पोरं किती हो?"

तो बिचारा साखऱ्याच्या शेजारच्या वाडीचा. डोकं खाजवत म्हणाला, "पक्कं म्हाईत न्हाई. पण दोन असावीत. एक गिरणीवर दिसतं, गोरंपान हाय. अन् एक शेतात असतं, ते चांगलंच सावळं हाय."

आता सांगा! गिरणीवर पिठानं माखलेला मारोती, आणि शेतात उन्हात रापलेला मारोती! त्या माणसानं एका पोराचे दोन केले आणि बाजार करून निघून गेला. मामांना पुरावा मिळाला. निरोप आला, आता फोटो नको, सरकारी कागद पाहिजे. आधार कार्ड धाडा.

आधार कार्ड पाठवायला मारोती माझ्याकडंच आला. खुर्चीच्या टोकावर बसला. आईनं आठ दिवस त्याला झोपताना सुद्धा "काहून तुला दुसऱ्या कोणाकडं नेलं न्हाई" हे ऐकवलं असणार. म्हणाला, "राहू द्या भाऊ. पाचवं गेलं समजायचं. तुम्ही तकलीफ घेऊ नका."

खरं सांगतो, मला लाज वाटली. त्यानं एक शब्द वाकडा काढला असता तर बरं झालं असतं.

कार्ड पाठवताना मी फोटो पाहिला. आधार कार्डावरचे फोटो कसे असतात, तुम्हाला ठाऊक आहे. आपल्याला नुकतीच कुणीतरी वाईट बातमी सांगितलीय असा चेहरा. मारोतीही तसाच. दोन्ही कान उघडे, दोन्ही डोळे टक्क, तोंड जरा वासलेलं. मी मनात म्हटलं, संपलं! उरलीसुरली आशा या फोटोनं घालवली. आता आपणच मैदानात उतरलं पाहिजे. मी सरळ मामांना फोन लावला.

"मामा, मी फोटोग्राफर बोलतोय. त्याचं असं आहे, प्रकाश एका बाजूनं आला की…"

"दुसऱ्या बाजूनं काहून आला न्हाई?"

"येऊ दिला नाही."

"कोणी?"

"मीच."

"काहून?"

"सावली पाहिजे होती, मामा."

"सावली पाहिजे होती तर पोराला झाडाखाली बसवायचं ना! तोंड कशाला काळं करायचं त्याचं?"

तरी मी हार मानली नाही. चांगली वीस मिनिटं बोललो. सावलीतलं गूढ, चेहऱ्याचा स्वभाव, डोळ्यातली ठिणगी, शिबिरातले सर, सगळं. पलीकडून मधूनमधून "हं" येत होतं. आणि काय आश्चर्य! दुसऱ्या दिवशी सकाळी निरोप आला, रविवारी मुलगी पाहायला या.

मी बायकोला म्हटलं, "बघितलंस? समजावून सांगितलं की माणसाला कला कळते." ती भाजी निवडत राहिली.

रविवारी आम्ही कळमनुरीला गेलो. मी, मारोती, गयाबाई आणि त्यांचे दीर. मला गयाबाईंनी दंडाला धरून नेलं होतं. "तूच घातलेला घोळ हाय, तूच निस्तर," म्हणाल्या. मी आपला कॅमेरा आणि एक दिवा सोबत घेतला. साक्षी-पुरावा म्हणून.

मामा दारातच उभे. एक हात चौकटीवर. मारोतीला त्यांनी उंबऱ्यावर थांबवलं, हातातल्या आधार कार्डाकडं पाहिलं, मारोतीकडं पाहिलं, पुन्हा कार्डाकडं. मला वाटलं, आता तिकिटासारखा कार्डाच्या कोपऱ्यात टोचा मारतात की काय!

"पुढं सरका," ते म्हणाले. सवय हो, सवय.

आत मारोतीला खिडकीजवळ बसवलं. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. मग म्हणाले, "डावा डोळा झाका अन् ते कॅलेंडर वाचा." मारोतीनं कॅलेंडर वाचलं. एकादशी, प्रदोष, खाली लिहिलेला दुधाचा हिशेबसुद्धा वाचला.

मामांनी मान हलवली. "हे पोरगं बराबर हाय. आता दुसरं कुठंय?"

गयाबाईंचा तोल गेला. "दुसरं? अवं भाऊ, एकच झालंय मला, अन् त्याचंच लगीन जमंना! दुसरं असतं तर म्या जित्ती राहिले असते व्हय?"

आता माझी वेळ आली. मी म्हटलं, "मामा, तुम्ही स्वतःच या खुर्चीवर बसा. बोलून नाही, करून दाखवतो." खिडक्या लावल्या, एका बाजूनं दिवा धरला आणि मामांचा फोटो काढला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. अर्धे मामा! अर्धी मिशी, एक कान, एक डोळा.

मामा पाहतच राहिले. "माझी मिशी कुठं गेली?"

आतून मामी पोह्यांचं ताट घेऊन आल्या होत्या. त्यांनी वाकून पाहिलं आणि ताट तसंच धरून म्हणाल्या, "लई सुंदर आलाय. अर्धेच दिसता म्हणून."

सगळे हसले. मामाही हसले. मारोतीच्या चेहऱ्यावर त्या महिन्यात पहिल्यांदा हसू दिसलं. मी दिवा खाली ठेवला, म्हटलं, जिंकलो! तेवढ्यात मामांनी बोट वर केलं.

"हे पटलं. अर्धं तोंड दिव्यामुळं गेलं. पण फोटोवाले, तीळ कसा फिरला? दिव्यानं तीळ या गालावरून त्या गालावर जातो का?"

सगळ्यांच्या माना वळल्या. गयाबाई माझ्याकडं, त्यांचे दीर माझ्याकडं, मामी ताटासकट माझ्याकडं. मारोती तेवढा पायाच्या अंगठ्याकडं.

सांगितलं. काय करणार? नरसीचं लग्न, पंगत, लॅपटॉप, दोन मिनिटं. सगळं सांगितलं. फक्त बुंदीचं तेवढं गाळलं.

"म्हंजी," गयाबाई एकेक शब्द तोडत म्हणाल्या, "तू माह्या पोराला उलटं करून धाडलंस?"

"काकू, चुकलो."

"अन् सांगितलं असतंस तर म्या स्वतः पोराला एसटीत बसवून धाडलं असतं की रे, सगळ्या बाजूंनी पाहून घ्या म्हणून!"

मी घाईघाईनं मामांना म्हणालो, "पण मामा, त्या दिवशी फोनवर मी समजावलं म्हणूनच तर तुम्ही बोलावलंत ना? म्हणजे कला तुम्हाला पटली होती."

"कोणता फोन?" मामा म्हणाले. "तो वीस मिन्टांचा व्हय? म्या फोन उशाला ठेवून गाईला पाणी दाखवून आलो होतो. मधी मधी आमची ही हं म्हणत होती."

तेव्हा आतल्या दारातून सविता पुढं आली. तिला कुणी बोलावलं नव्हतं, चहाचा ट्रेही हातात नव्हता. सरळ म्हणाली, "मामा, बोलवा म्हणून मी म्हणले होते. पयला फोटो पाहिला तवा मी न्हाईच म्हणले. दुसरा पाहून तर भ्याच वाटलं. मग ते आधार कार्ड आलं."

"मग?" मामांनी विचारलं.

"मग काय? आधार कार्डावर जे पोरगं एवढं बरं दिसतं, ते खरंच बरं असणार."

मारोतीनं मान वर केली. कानापर्यंत लाल झाला होता. त्यांचं जमलं, तिथंच जमलं. गयाबाईंनी डोळ्यांना पदर लावला, मामांनी पेढे मागवले, आणि मी माझा दिवा पिशवीत भरायला लागलो. कुणी मदतीला आलं नाही.

बरं, इथं तरी सुटलो असतो. पण लग्नाचा मोठा फलक लावायचा ठरला आणि त्यावर नवरदेवाचा फोटो कोणता, तर सविता म्हणाली, आधार कार्डावरचाच! तो मोठा करायचं काम माझ्याकडं आलं. छापणाऱ्यानं नेहमीच्या सवयीनं खाली ठळक अक्षरांत टाकलं, छायाचित्र, आणि माझ्या स्टुडिओचं नाव. कळमनुरीच्या रस्त्यावर, भर चौकात, दहा फुटी मारोती! दोन्ही कान उघडे. मला धंद्यातल्या मित्रांचे फोन आले, "दिलीपराव, काय चेहरा उजळलाय! दिवे कसे लावले?" एकानं तर शिबिराचा पत्ता मागितला. दोन गिऱ्हाइकं आली आणि म्हणाली, तसाच काढून द्या.

आता तसा काढायचा कसा, हे मलाच माहीत नव्हतं! शेवटी अभिमान गिळला आणि मारोतीनं कार्ड काढलं होतं त्या आधार केंद्रात गेलो. एक विशीबाविशीतला ऑपरेटर बसला होता. मी आडून आडून विचारलं, "मारोतीचा फोटो तुम्हीच काढला ना? दिवा कुठं ठेवला होता?"

"दिवा?" तो म्हणाला. "अहो, त्या दिवशी करंटच नव्हता. लॅपटॉप बॅटरीवर होता. आत दिसंना म्हणून दार सताड उघडलं अन् दादाला उंबऱ्यासमोर बसवलं. तुम्ही कोण?"

मी माझं नाव सांगितलं, स्टुडिओचं सांगितलं. त्याचा चेहरा एकदम खुलला. खुर्ची सोडून उभा राहिला.

"फलकावर नाव हाय ते तुमीच का? बरं झालं भेटले! भाऊ, माझंही लगीन जमवणं चालू हाय अन् मला माझाच फोटो काढता येत न्हाई. काढून देता का?"

माझी छाती फुगली. म्हटलं, कलेची कदर करणारा एक तरी माणूस निघाला! "या की उद्या स्टुडिओत," मी म्हणालो.

"स्टुडिओत नको," तो दाराकडची खुर्ची सरळ करत म्हणाला. "मी हितं बसतो. तुमी फक्त हे बटन दाबा."

दाबलं हो.